पायाखालचा खडक जिवंत आहे

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुटीत मी मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली उतरलो. 'पोहता येत नसले तरी चालेल' असे सांगण्यात आले होते. होडीवर हाताच्या दोन-तीन खुणा शिकवल्या, तोंडात नळी दिली, पाठीवर टाकी चढवली आणि मागून धरायला एक तरुण आला. खाली गेल्यावर भीतीने पाय आपोआप आधार शोधू लागले. एक खडबडीत, तपकिरी खडक सापडला, त्यावर उभा राहिलो आणि जिवात जीव आला. तेवढ्यात फोटोही निघाला. पुढे कधीतरी प्रवाळांविषयी वाचताना तो फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आले की पायाखाली खडक नव्हताच. ती प्रवाळांची वसाहत होती.

ही कबुली देण्याचे कारण असे की ही चूक माझी एकट्याची नाही. सुटीच्या दिवसांत मालवण-तारकर्लीच्या पाण्यात उतरणाऱ्या कितीतरी लोकांकडून ती नकळत होते. आणि ती अशा पाण्यात होते, जे कायद्याने अभयारण्य आहे.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातला तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग हा त्याचा गाभा. इथले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. वाघही त्याच अनुसूचीत आहे. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली ठेवला तर गाईड ओरडतो. मालवणात मात्र त्याच कायद्याने जपलेल्या प्राण्याच्या पाठीवर आपण उभे राहतो आणि वर फोटोचे पैसेही देतो.

हो, प्राणीच. आपल्याकडे प्रवाळ म्हटले की मंगळाची अंगठी नाहीतर वैद्यांचे प्रवाळभस्म आठवते, त्यामुळे तो दगड वाटतो. प्रत्यक्षात प्रवाळाची वसाहत म्हणजे काही मिलिमीटरच्या असंख्य मऊ जिवांची दाट वस्ती. प्रत्येकाला तोंड असते, तोंडाभोवती बारीक शुंडके असतात. हे जीव समुद्रातले कॅल्शियम वापरून स्वतःखाली चुन्याचे घर बांधतात. जिवंत भाग असतो तो फक्त वरचा पातळ थर, आतला सगळा चुना. म्हणूनच पायातल्या पंखाचा एक फटकारा किंवा टाचेचा दाब तो थर खरवडून काढायला पुरतो. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. फुटबॉलएवढ्या वसाहतीला दहा-बारा वर्षे सहज लागलेली असतात. आपण तिच्यावर उभे असतो फार तर अर्धा मिनिट.

मग दिसत असूनही लोक पाय का ठेवतात? कारण आपण पाहायला जातो ते जाहिरातीतले प्रवाळ. निळेशार पाणी आणि गुलाबी-जांभळ्या फांद्या ही चित्रे बहुतेक वेळा दुसऱ्याच समुद्रांतली असतात. मालवणात मैलोन्मैल पसरलेली प्रवाळभित्ती नाही. इथे खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वसलेल्या वसाहती आहेत. पावसाळ्यात गोडे पाणी आणि गाळ इथल्या समुद्रात येतो, पाणी गढूळ होते, उजेड कमी मिळतो. अशा अवघड जागी हे प्रवाळ तग धरून आहेत, हेच त्यांचे वैशिष्ट्य. त्यांचा रंग बहुधा तपकिरी, पिवळट किंवा हिरवट असतो. पर्यटकाला तो खडक वाटतो. पण हा मळकट रंगच त्यांच्या तब्येतीची खूण आहे. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. तपकिरी छटा त्या शैवालाची असते.

समुद्र तापला की ही भागीदारी मोडते. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंश जास्त गरम राहिले आणि तसे काही आठवडे टिकले, तरी प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात. आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. प्रवाळ त्या क्षणी मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ पासून पुढे, असे जगभर पसरलेल्या विरंजनाचे चार मोठे फेरे आतापर्यंत नोंदले गेले आहेत. चौथ्या फेऱ्यात २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळही होरपळले.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. समुद्रच तापत असेल, तर माझ्या एका पायाने असा काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे. जागतिक तापमानवाढ हाच प्रवाळांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि तिच्यावर मालवणात बसून इलाज करता येणार नाही. पण घरात कुणी तापाने फणफणलेले असेल तर आपण काय करतो? ताप आपल्या हातात नसतो, तरी त्या माणसाला धक्का लागू देत नाही, दूषित पाणी देत नाही, विश्रांती मिळेल असे पाहतो. विरंजनातून उठणाऱ्या प्रवाळाचेही तसेच आहे. जखमेवर शैवालाचा थर चढला, गाळ बसला किंवा रोग शिरला, की सावरण्याची ताकद संपते. ताप जागतिक आहे, जखमा मात्र आपण देतो. त्या थांबवणे आपल्या हातात आहे. मालवणच्या पाण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणारी इजा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यासली आणि ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा केवळ एका हळव्या पर्यटकाचा अपराधीपणा नव्हे.

माझे म्हणणे पर्यटन बंद करा असे नाही. ज्यांनी प्रवाळ कधी पाहिलाच नाही, ते त्याच्यासाठी भांडणार नाहीत. शिवाय या अभयारण्याला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध आहे. आपल्या मासेमारीवर निर्बंध येतील ही त्यांची भीती होती आणि आहे. आज त्यांच्याच घरांतली कितीतरी मुले पर्यटकांच्या होड्या चालवतात. जाळे टाकणाऱ्याला नियम दाखवायचा आणि पर्यटकाने प्रवाळावर नाचले तरी काणाडोळा करायचा, हा न्याय त्यांना पटणार नाही, आणि का पटावा? प्रवाळ जगला तरच पर्यटक येतील आणि होडी चालेल. म्हणून प्रश्न जायचे की नाही हा नसून कसे जायचे हा आहे.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. इजिप्तमधल्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी डायव्हर पाण्याखाली प्रवाळांना किती वेळा स्पर्श करतात ते मोजले. मग पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांना प्रवाळ म्हणजे काय आणि त्यांना का शिवायचे नाही हे थोडक्यात समजावले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सात मिनिटांतले सरासरी स्पर्श १.४ वरून ०.४ वर आले. नवे यंत्र नाही, दंड नाही, फक्त आधी दिलेली समज. हवाई बेटांवरच्या हनौमा बे या संरक्षित खाडीत तर पाण्याकडे जाण्याआधी प्रत्येक नवख्याला एक छोटी चित्रफीत पाहावीच लागते. रोजच्या पर्यटकांच्या संख्येला तिथे मर्यादा आहे आणि आठवड्यातले दोन दिवस खाडी विश्रांतीसाठी बंद असते. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र स्वतःच सुटी घेतो. पण दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात एकाच खडकाभोवती होड्यांची दाटी होते, तेव्हा मर्यादेची खरी गरज असते.

मालवणसाठी माझ्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही त्याला थेट प्रवाळांवर नेऊ नये. आधी पोहण्याच्या तलावात किंवा वाळूचा तळ असलेल्या उथळ पाण्यात अर्धा तास सराव द्यावा. तेही जमत नसेल तर लाइफ जॅकेट घालून वरूनच पाहावे. उथळ पाण्यात वरूनही छान दिसते. दुसरी, होडीने प्रवाळांच्या जागी नांगर टाकू नये. कायमचे तरंगते बोये बसवावेत आणि दोर त्यांनाच बांधावा. लोखंडी नांगर आणि त्याची घासत जाणारी साखळी शंभर पर्यटकांपेक्षा जास्त मोडतोड करते. तिसरी, होडीवर दहा मिनिटे समज देणे बंधनकारक करावे, आणि ते काम स्थानिक मुलांनीच करावे. त्यांना हे पाणी आपल्यापेक्षा अधिक कळते.

या सगळ्याआड येते ती घाई. माणशी पंधरा मिनिटे, पुढचा गट तयार, असे सुरू झाले की प्रवाळांचे हाल होतात आणि माणसांचेही. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो. नाक दाबून, हळूहळू कान मोकळे करत उतरले नाही तर पडद्याला इजा होऊ शकते. सर्दी झालेली असेल, नाक चोंदलेले असेल, तर त्या दिवशी उतरूच नये. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि होडीवरच्या फॉर्ममध्ये खरे लिहावे. सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी मोपा किंवा चिपीहून विमान, असा बेत करू नये. एका डायव्हनंतरही किमान बारा तास, आणि एकाहून अधिक वेळा उतरला असाल तर अठरा तास थांबावे. प्रवाळाने खरचटले तर जखम साबणाने आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. आत बारीक कण राहतात, जखम चिघळते आणि भरायला वेळ लागतो. लाली पसरू लागली तर डॉक्टरांना दाखवावे, धनुर्वाताच्या लशीचेही विचारावे. प्रवाळाला पाय लावू नये यात आपलाही स्वार्थ आहे, तो असा.

उन्हाच्या मलमाबद्दल बरेच बोलले जाते. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या खुल्या विक्रीवर हवाई राज्याने जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. प्रयोगशाळेत ही रसायने प्रवाळांना घातक ठरली आहेत. खुल्या समुद्रात त्यांचे प्रमाण तेवढे असते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आपण त्या वादात पडायची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला की पाठ भाजत नाही आणि मलमही फारसे लागत नाही. पाव किंवा बिस्किटांचा चुरा टाकून मासे गोळा करणेही थांबवावे. फोटो चांगला येतो, पण माशांचे वागणे बिघडते. शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणाऱ्या माशांनी पावाच्या मागे लागणे प्रवाळांच्या हिताचे नाही.

सरकारने बोये बसवावेत, वनखात्याने लक्ष ठेवावे, हे सगळे खरेच. पण हा व्यवसाय शेवटी गिऱ्हाईक काय मागते यावर चालतो. आज आपण दोनच प्रश्न विचारतो: किती पैसे आणि किती फोटो? पुढच्या वेळी पैसे देण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारा. आधी सराव देणार का? नांगर कुठे टाकता? आणि प्रवाळाला हात न लावता दाखवणार ना? चार गिऱ्हाइकांनी हे विचारले की पाचव्याला ते न विचारताच सांगितले जाईल.

तो जुना फोटो मी अजून पुसलेला नाही. मालवणला निघालेले कुणी सल्ला विचारायला आले की तो दाखवतो आणि विचारतो, यात प्रवाळ कुठे आहे? बहुतेक जण माशांकडे बोट दाखवतात. मग मी माझ्या पायांकडे दाखवतो.