रात्री एकच प्राणी

विचित्र प्राण्यांच्या गोष्टींचा संग्रह हाती आला, की तो एका बैठकीत संपवू नका. सगळ्या गोष्टींचा विषय एकच असला, की चौथ्या गोष्टीपाशी मन सावध होतं. 'ह्यातला लांडगा कोण?' हे हुडकण्यातच आपण गुंततो आणि गोष्ट बाजूला राहते. म्हणून रात्री एकच गोष्ट वाचा.

नील गेमन यांनी संपादित केलेला 'अननॅचरल क्रीचर्स' (२०१३) हा इंग्रजी संग्रह घ्या. त्यात १६ गोष्टी आहेत. क्रमाने वाचायचं बंधन नाही. सुरुवात फ्रँक स्टॉकटनच्या १८८५ सालच्या गोष्टीने करा. मोठे पंख आणि लांब शेपूट असलेल्या ग्रिफिन या काल्पनिक प्राण्याने स्वतःचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. एका गावात चर्चच्या दारावर आपली दगडी मूर्ती आहे, असं कळताच तो ती बघायला येतो. गावाची गाळण उडते. ही गोष्ट वाचून एखादा किल्ला चढा. दरवाजावर कोरलेला शरभ हा काल्पनिक पशू आजवर नुसता पाहिला असेल. आता वाटेल, हाही कधी स्वतःला बघायला आला तर?

दुसऱ्या रात्री अ‍ॅव्हरम डेव्हिडसन. सेफ्टी पिना हव्या तेव्हा सापडत नाहीत आणि कपाटात हँगर मात्र वाढत जातात, एवढ्यावर त्याने भीती उभी केली. १९५८ साली या कथेला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कारण सांगत नाही, तुम्हीच वाचा.

याच संग्रहातली साकी या लेखकाची 'गॅब्रिएल-अर्नेस्ट' मोठ्याने वाचण्याजोगी आहे. रानातला मुलगा आपण काय खातो ते सरळ सांगतो. ऐकणाऱ्यालाच ते पटवून घ्यायचं नसतं. शेवट मात्र कठोर आहे. घरात लहान मुलं असतील, तर आधी स्वतः वाचा, मग ठरवा.

इंग्रजी शब्द अडला तर लगेच शब्दकोश उघडू नका. पान उलटेपर्यंत बहुतेकदा अर्थ लागतो, आणि प्राणी थोडा धूसर राहिला तर उलट जास्त भिववतो. एखादी गोष्ट नाहीच रुचली, तर खुशाल सोडा. ही कादंबरी नव्हे, धागा तुटत नाही.

गोष्ट संपली की पुस्तक मिटा, दिवा मालवा. हँगर मोजायचेच असतील, तर सकाळी मोजा.