बाटली नको, दाणे भाजा

कच्च्या भाज्या रोज खायला हव्यात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तरीही बहुतेक घरांत ताटाच्या डाव्या बाजूला काकडीच्या चार चकत्या आणि कांद्याची एखादी फोड, एवढंच येतं. मुलं तेही बाजूला सारतात. त्यांना दोष देऊ नका. नुसता चिरलेला कोबी खरोखरच बेचव लागतो. मग कुणीतरी दुकानातून दाट, पांढरट ड्रेसिंगची बाटली आणतं आणि भाज्या पोटात जाऊ लागल्या म्हणून घर समाधान मानतं. माझी विनंती एवढीच आहे की, पुढची बाटली घेण्याआधी एकदा पाव किलो शेंगदाणे आणा आणि तिखट, मुलायम, दाटसर ड्रेसिंग घरी करून बघा.

हातातली बाटली फिरवून घटकांची यादी वाचा. ज्या घटकाचं वजन जास्त, तो आधी छापायचा, असा नियम आहे. अशा दाट ड्रेसिंगच्या यादीत बहुतेक वेळा तेल, पाणी आणि साखर अगदी वरच भेटतात आणि दाटपणासाठी स्टार्च किंवा डिंकाच्या जातीचं काहीतरी घातलेलं असतं. हे खाऊन लगेच कुणी आजारी पडत नाही. पण ज्या कामासाठी इतकं सगळं घालावं लागतं, ते काम शेंगदाणा एकटा करतो. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतं आणि साधारण पाव भाग प्रथिनं. बारीक वाटला की तेल बाहेर येतं, आणि पाणी घातलं की प्रथिनं ते तेल पाण्यात धरून ठेवतात. लोणी, मलई, अंडं, काहीच लागत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. खमंग काकडीत आपण दाण्याचं कूट घालतोच. सोलापूरची शेंगा चटणी खलबत्त्यात कुटता कुटता तेल सोडते आणि तिचा गोळा वळला जातो. तिथेच न थांबता आणखी वाटलं आणि पाणी घातलं, की ड्रेसिंग झालं. इंडोनेशियात तर हा रोजच्या जेवणातला प्रकार आहे. जकार्ताचं गाडो-गाडो म्हणजे वाफवलेल्या भाज्या, टोफू, टेंपे आणि उकडलेलं अंडं यांवर घातलेली दाण्याची दाट चटणी. पश्चिम जावातल्या सुंदा लोकांच्या कारेडोकमध्ये भाज्या कच्च्याच असतात: कोबी, काकडी, चवळीच्या जातीच्या शेंगा, मोड आलेली कडधान्यं, आणि वर तुळशीच्या जातीचा सुगंधी पाला. चटणीत दाणे, मिरची, लसूण, चिंच, ताडाचा गूळ आणि मीठ. दगडी, उथळ भांड्यात ती ताजी वाटतात आणि तिच्यातच भाज्या कालवतात. यातलं जवळजवळ सगळं सामान आपल्या फडताळात आहे, म्हणून मी खाली देते ती कृती त्याच वळणाची आहे.

आधी दाण्यांकडे लक्ष द्या, कारण अर्धी चव तिथेच ठरते. चार दाणे कच्चेच चावून बघा. खवट लागले तर ती पिशवी परत करा. भाजून किंवा मसाला वाढवून खवटपणा झाकला जात नाही. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे ताटात पसरून निवडून टाका. हे केवळ चवीसाठी सांगत नाही. दमट जागी ठेवलेल्या दाण्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पुरतं जात नाही. म्हणून पावसाळ्यात दाणे थोडेच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हलवत हलवत बारा ते पंधरा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर साल करपतं आणि आतला दाणा कच्चाच राहतो. एक दाणा फोडून बघा: आतून फिकट सोनेरी झाला की गॅस बंद करा, कारण कढईच्या उष्णतेवर तो अजून थोडा भाजला जाणार आहे. ताटात काढा, हाताला सोसेल इतपत निवले की चोळा आणि सालं पाखडून टाका. थोडी राहिली तर राहू द्या, पण सगळीच ठेवलीत तर चव तुरट होते.

आता प्रमाण. सोललेले भाजके दाणे 100 ग्रॅम, म्हणजे घरातली मध्यम वाटी भरून. दोन ब्याडगी मिरच्या आणि एक संकेश्वरी किंवा लवंगी, बिया काढून, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवलेल्या. ब्याडगी रंग देते, तिखटपणा दुसरीकडून येतो; दोन्ही हवेत. लसणाच्या दोन पाकळ्या, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, चिंचेचा घट्ट कोळ दीड मोठा चमचा, एक छोटा चमचा गूळ, अर्धा छोटा चमचा मीठ. कोमट पाणी साधारण अर्धी ते पाऊण वाटी, पण ते अंदाजाने, थोडं थोडं.

वाटण्याचा क्रम बदलू नका. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात आधी फक्त दाणे घ्या, कोरडेच, आणि कोमट असतानाच. थांबत थांबत फिरवा, कडेचं खाली ढकला. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटतं, मग गोळे होतात, आणि आणखी थोडं फिरवल्यावर तेल सुटून सगळं चकचकीत, ओघळणारं होतं. कुटाच्या अवस्थेत बहुतेकजण थांबतात आणि पाणी ओततात. तिथे पाणी पडलं की दाणा पुढे बारीक होत नाही आणि ड्रेसिंग जिभेला रवाळ लागतं. धीर धरा. मिक्सर तापला तर पाच मिनिटं बंद ठेवा.

तेल सुटल्यावर भिजवलेल्या मिरच्या, लसूण, आलं, कोळ, गूळ आणि मीठ घाला आणि फिरवा. इथे मिश्रण एकाएकी घट्ट होईल, कणकेच्या गोळ्यासारखं. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की बिघडलं, आणि तो तेल ओततो. तेल अजिबात घालू नका. दाण्याच्या लोण्यात थोडं पाणी किंवा आंबट रस गेला की ते आधी आळतं, हा त्याचा स्वभावच आहे. कोमट पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहा. काही चमच्यांनंतर गोळा सैल होतो, रंग फिका पडतो आणि पोत मुलायम होतो. पळीवाढी झालं की थांबा. वाढण्याआधी दहा मिनिटं तसंच ठेवा. ते पुन्हा थोडं दाटेल, तेव्हा एखादा चमचा पाणी लागेल. चव मात्र भाजीच्या तुकड्याबरोबरच घ्या. नुसतं चाटून बघाल तर खारट आणि तिखट वाटेल आणि तुम्ही ते उगाच मवाळ करून बसाल.

तिखटाबद्दल एक सांगते. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, म्हणून दाण्याच्या ड्रेसिंगमध्ये तो जिभेवर एकदम भडकत नाही, सावकाश चढतो. लहान मुलांसाठी नुसती ब्याडगी पुरे.

हे ड्रेसिंग जड आहे, त्याला करकरीत भाज्याच पेलतात: बारीक चिरलेला कोबी, गाजर, मुळा, सिमला मिरची, वाफवलेली फरसबी, वाफवलेले मोडाचे मूग. लेट्यूससारखी नाजूक पानं त्याखाली दबून जातात. काकडी घालायची तर अगदी शेवटी. मीठ लागलं की भाज्यांना पाणी सुटतं, म्हणून कोशिंबिरीला आपण मीठ ऐनवेळी लावतो. हेही तसंच, पानं वाढायच्या वेळी कालवा. माणशी दोन मोठे चमचे पुरतात. त्यात साधारण 75 ते 80 कॅलरी जातात, म्हणून वजनाची काळजी करणाऱ्यांनीही भाजीचा ढीग मोठा ठेवून निर्धास्त खावं.

दाण्याऐवजी काजूही चालतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. काजू भाजायचे नाहीत. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी निथळून टाका आणि हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबू, मीठ यांच्याबरोबर थोडं ताजं पाणी घेऊन एकदमच वाटा. काजूत पिष्ट जास्त असतं, त्यामुळे ते लवकर दाटतं आणि सायीसारखं होतं. यासाठी अख्खा महाग काजू घेऊ नका. तुकडा काजू स्वस्त पडतो, आणि वाटल्यावर दोन्हींत काही फरक राहत नाही.

उरलेलं काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस. कच्चा लसूण आणि पाणी आहे, त्याहून जास्त ठेवू नका आणि बाहेर तर मुळीच नको. घट्ट झालेलं असेल तेव्हा भाकरीबरोबर चटणी म्हणून खा, किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडींना चोळा.

आणि पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा. दाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या माणसाला चमचाभरही जिवावर बेतू शकतो, आणि वाटलेल्या ड्रेसिंगमध्ये दाणा डोळ्यांना दिसत नाही. मुलांच्या डब्यात देणार असाल तर शाळेत आधी चौकशी करा. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी दह्याची वेगळी कोशिंबीर वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करा, आणि ती दाण्याचं कूट न घालता.