साच्यातली जोडणी

आम्हां मराठीच्या मास्तरांच्या शिव्या फार सौम्य असतात. एखादी कविता आवडली नाही, की आम्ही तिला 'साचेबंद' म्हणतो आणि कवीचा निकाल लावल्याच्या समाधानात चहा मागवतो. साचा म्हणजे निर्जीव, एकीसारखी दुसरी वस्तू काढणारे यंत्र, ही आमची समजूत. हा शब्द ज्याने प्रथम टीकेत वापरला त्याने पेणच्या गणपतीचा साचा पाहिला असेल. प्लॅस्टिकचा खचित पाहिला नसावा.

मागच्या उन्हाळ्यात मी परभणीहून तपोवन एक्स्प्रेसने छत्रपती संभाजीनगरास गेलो होतो. आमच्या पिढीच्या तोंडी ते अजून औरंगाबादच येते. जवळच वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना निघाला आणि त्याच्या आगेमागे गाड्यांचे सुटे भाग करणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडची पुष्कळ मुले-मुली या भागात पोटासाठी येतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका कारखान्यात आहे. साहेबांची परवानगी काढून तिनेच मला आत नेले.

मोटारीत गार वाऱ्याचा झोत इकडेतिकडे वळवणारी एक जाळी असते, ती वाचकांनी पाहिली असेलच. एक चौकट, तीत पाच-सहा पाती आणि सगळ्या पाती एकदम वळाव्यात म्हणून मागे एक जोडपट्टी. पूर्वी हे भाग निरनिराळ्या साच्यांतून निघत आणि टेबलाभोवती बसलेल्या सात-आठ मुली ते हाताने बसवीत. पातीच्या टोकाची खुंटी चौकटीच्या भोकात दाबायची, 'टक्' असा आवाज आला की पुढची घ्यायची. दिवस मावळेपर्यंत टक् टक्.

आता तिथे नवा साचा आला आहे. आधी वितळलेल्या नायलॉनच्या पाती त्यात ओतल्या जातात. त्या थिजल्या, की साच्याचा अर्धा भाग पातींसकट गर्रकन फिरून दुसऱ्या जागी जातो आणि तिथे त्यांच्या खुंट्यांभोवती पॉलिप्रॉपिलीनची चौकट ओतली जाते. साचा उघडतो तो आयती जोडलेली, फिरती जाळी बाहेर टाकूनच!

मला पहिली शंका आली ती अगदी व्याकरणातली. गरम रस खुंटीभोवती ओतल्यावर दोन्ही एकजीव का होत नाहीत? विद्या आणि आलय शेजारी आले, की 'विद्यालय' होते आणि मग दोघांना वेगळे हलवता येत नाही. इथे असा संधी झाला, तर पाती फिरायचीच नाही. तिथल्या तरुण इंजिनिअराने खुलासा केला. नायलॉन वितळायला सुमारे २२० अंश उष्णता लागते, पॉलिप्रॉपिलीनला १६५ पुरते. त्यामुळे आधी थिजलेली खुंटी नंतरच्या रसाने विरघळत नाही. शिवाय या दोन जातींचे एकमेकींशी मुळीच जमत नाही. त्या चिकटत नाहीत. ज्यांचे जमत नाही त्यांचाच इथे संसार नीट चालतो, असे तो हसत म्हणाला. त्याचे नुकतेच लग्न ठरले होते.

खरी मेख पुढेच आहे. प्लॅस्टिक निवताना आकसते. पॉलिप्रॉपिलीन शंभर मिलिमीटरला एक-दीड, कधी दोन मिलिमीटरही आकसते, आणि साच्याबाहेर पडल्यावरही थोडे आकसत राहते. चौकट खुंटीवर फार आवळली, तर पाती अडकते. कमी आवळली, तर रस्त्यातल्या खड्ड्यागणिक खडखडते. हे सगळे गणित साचा कापण्याआधी करावे लागते.

दक्षिणेकडच्या देवळांत दगडी याळीच्या जबड्यात एक गोटा असतो. तो आत फिरतो, पण बाहेर काढता येत नाही. कारण तो बाहेरून घातलेलाच नसतो, जबड्याबरोबरच एका दगडातून कोरलेला असतो. त्या पाथरवटाने छिन्नीने साधले तेच इथे ओतून साधले आहे. अमेरिकेत हायट बंधूंनी प्लॅस्टिक दाबून साच्यात भरण्याच्या यंत्राचे पेटंट १८७२ साली घेतले. तिथपासून विद्या इथवर आली.

माझे कौतुक ओसंडत होते. ते बघून माझी विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, त्या टेबलावर आम्ही आठजणी होतो. आता दोघी आहोत. पाती फिरते का, एवढं बघतो अन् खोक्यात भरतो."

"आणि बाकीच्या?"

"दोघींना दुसऱ्या लाइनीवर घेतलं. चौघी गावाकडं गेल्या, सर. कापूस वेचायला."

यावर काय बोलावे ते मला सुचेना. साच्याला दोष देणे सोपे आहे. पण दिवसभर अंगठ्याने खुंट्या दाबून तिच्या नखाखाली पडलेला काळा डागही मी पाहत होतो. तेवढ्यात तिनेच मला शेजारच्या टूलरूमकडे नेले. तिथे एक कारागीर साच्याच्या पोलादी पोटात निळा रंग लावून दोन्ही भाग कुठे टेकतात ते पाहत होता आणि उंचवटे हाताने घासत होता. जाळी जोडणारे हात गेले, पण जोडणारा साचा घडवायला हात लागतातच. मात्र ते शिकलेले हवेत.

ते शिक्षण परदेशात नाही. प्लॅस्टिकचे तंत्र शिकवणारी 'सिपेट' ही सरकारी संस्था १९६८ साली मद्रासला निघाली. तिचे एक केंद्र आणि साचे घडवायला शिकवणारे इंडो-जर्मन टूलरूम ही दोन्ही चिकलठाण्यात, आमच्या गाडीच्या वाटेवरच आहेत. दोन्हीकडे दहावीनंतरचे पदविका अभ्यासक्रम आहेत. आमच्या खेड्यांत मात्र दहावी झाली, की मुलगा अकरावीला आणि मुलगी बहुधा बोहल्याकडे, एवढेच दोन रस्ते ठाऊक असतात.

फाटकापर्यंत पोचवायला आली तेव्हा ती म्हणाली, "सर, माझी धाकटी बहीण यंदा नववीत आहे. गणित चांगलं आहे तिचं. त्या चिकलठाण्याचा फॉर्म कधी निघतो ते विचारून ठेवाल का? आमच्या दादांना तुमचं पटेल."

मी विचारून ठेवले आहे. दिवाळीच्या सुटीत जिंतूरला जाऊन तिच्या दादांना भेटायचे आहे.