नळीचा हात सुजला तर चोळू नका

केमोसाठी सौ.च्या दंडातल्या शिरेत नळी घातली होती. बेज्जूरला परतलो अन् हात सुजला. सगळे म्हणाले, तेल लावून चोळा. मी चोळलं. चूक माझीच.

शहरात डॉक्टरांनी डॉपलर सोनोग्राफी केली. वरून दाबलं की चांगली शीर चपटी होते, गुठळी असली तर होत नाही. हिची झाली नाही. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं. तपासणीत ना सुई, ना किरणं. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर?

2016 साली आमचं जिल्ह्याचं ठिकाण आदिलाबादहून आसिफाबादला, म्हणजे जवळ आलं. ही तपासणीही तशीच गावाजवळ यायला हवी. बँकेत आम्ही आधी खातं तपासायचो, मगच सही. तेव्हा नळीवाल्याचा हात, मान सुजली तर आधी सोनोग्राफी करा.