होकार देण्यापूर्वी

आज 12 मे, परिचारिका दिन. रुग्णालयांतून आज गुलाबपुष्पे दिली जातील, मेणबत्त्या उजळतील. त्या सोहळ्याला आमची हरकत नाही. परंतु ज्यांच्या वाट्याला असा सोहळा कधीच येत नाही, त्या घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांविषयी आज लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. ब्युरोचा दूरध्वनी येतो, एक पत्ता आणि एक दर सांगितला जातो, आणि रात्री आठ वाजता ती परक्या घराची घंटा वाजवते. ही झाली घरची केस! आत कोण आहे, त्याला काय झाले आहे, अपरात्री त्याचा श्वास अडकला तर कोणाला उठवावयाचे, यांपैकी काहीही पुष्कळदा तिला ठाऊक नसते.

हे सारे तिने होकार देण्यापूर्वीच विचारले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उंबरठ्याबाहेर 'नाही' म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. रुग्णाचा भार एकदा पत्करल्यावर मात्र, बदली आल्यावाचून त्याला सोडून जाणे कोणत्याही परिचारिकेला शोभणार नाही.

'आजोबांना नुसती सोबत हवी' म्हणून बोलवावे आणि आत गेल्यावर गळ्यात बसविलेली श्वासनलिका दिसावी, तर तिने काय करावे? ती नळी सक्शनने साफ करणे हे शिकून येणारे काम आहे. एएनएम, जीएनएम आणि कसलेच शिक्षण नसलेली केअरटेकर या तिघींना आपण सरसकट 'नर्स' म्हणतो. शरीराला तो फरक कळतो! आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे म्हणूनच तिने आधी सांगावे. औषधाच्या बाबतीत तर डॉक्टरांच्या सहीचा लेखी आदेशच मागावा. 'डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन थोडे वाढवा' हा चिरंजीवांचा निरोप म्हणजे आदेश नव्हे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. भारदस्त देहाच्या रुग्णासाठी दुसरे माणूस हाताशी असेल काय? नसेल तर आठवड्याभरात तिचीच कंबर धरेल. पाठीवर आधीच जखम असेल, तर ती पहिल्याच दिवशी घरच्यांना दाखवून वहीत लिहून ठेवावी. अन्यथा ती तिच्याच माथी येते. कपाटाच्या किल्ल्या तिने कितीही आग्रह झाला तरी घेऊ नयेत.

जिचा जन्मदिवस आज साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये, आपण समोर नसतानाही रुग्णाची व्यवस्था कशी चालू राहावी, याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आमच्या घरांत हा विचार कोण करतो? चोवीस तासांच्या ड्यूटीत ती झोपणार केव्हा, हे विचारणारी परिचारिका उद्धट ठरते. तिला 'सिस्टर' म्हणावयाचे आणि तिचा कप मात्र वेगळा ठेवावयाचा, ही आमची रीत!

आणखी एक प्रश्न संकोचामुळे अनुच्चारित राहतो. रात्री घरात आणखी कोण असते आणि तिच्या खोलीला आतून कडी आहे काय? 2013 सालच्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. ब्युरोने ही माहिती प्रत्येकीला दिली पाहिजे. दलाली घेतली म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही.

आमचे बहुसंख्य वाचक ही दारे उघडणाऱ्यांपैकी आहेत. त्यांनी रुग्णाचे वजन, नळ्या, औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा क्रमांक, रात्री उठणाऱ्या माणसाचे नाव, कामाचे तास, जेवण आणि सुटी एवढे एका कागदावर लिहून, डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह ब्युरोकडे आधीच पाठवावे. याला अर्धा तास पुरतो.