शिकवणी कॉम्प्युटरची, समजावणी मराठीतून

बेळगावात मराठी शाळेतून दहावी झालेली कितीतरी मुले पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स घेतात आणि पहिल्या सहामाहीतच ‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणू लागतात. ते पाहून आईवडील धाकट्या भावंडाला पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालतात. फलकांवरच्या मराठीसाठी आपण रस्त्यावर येतो. वर्गातून मराठी जाते तेव्हा मात्र गप्प बसतो.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. शेजारपाजारची मुले अडली की आमच्याकडे येतात, म्हणून ती कुठे अडतात हे आम्हाला ठाऊक आहे. पुस्तकात ‘मुद्दल = मुद्दल + व्याज’ अशा धर्तीची ओळ असते. बीजगणित शिकलेले मूल म्हणते, हे समीकरणच चूक आहे. त्याची शंका रास्त आहे. प्रोग्रामिंगमध्ये त्या चिन्हाचा अर्थ असा : उजवीकडचा हिशेब करा आणि उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवा. खातेवहीत जुन्या शिल्लकेत जमा मिळवून नवी शिल्लक मांडतात, तसेच हे. दहा हजार रुपये, दसादशे १० टक्के, चक्रवाढीने तीन वर्षे : ११,०००, १२,१००, १३,३१०. दरवर्षी क्रिया तीच, आकडा नवा. यालाच लूप म्हणतात. एवढे मराठीतून सांगितले की पुढची ओळ मूल स्वतः लिहिते.

इंग्रजी नको, असे आमचे म्हणणे नाही. आज्ञा इंग्रजीतच लिहायच्या आहेत, नोकरीलाही इंग्रजी लागणार. पण समजावण्याची भाषा मुलाची हवी. पायथॉनच्या २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘मुद्दल’, ‘व्याज’ ही नावे प्रोग्राममध्ये देवनागरीतही चालतात. यंत्राला मराठीचे वावडे नाही, मग आपल्यालाच संकोच कशाचा?

जर्नलसाठी तयार उत्तरे उतरवून देणे ही शिकवणी नव्हे. तशी उत्तरे आता मोबाईलही देतो. कागदावर एकेक ओळ चालवून बघायला लावणे, चूक मुलाची त्यालाच शोधू देणे, याला वेळ आणि माणूस लागतो.

राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यांना सोय करायला सांगते. त्यापुढचे काम समाजानेच उचलायला हवे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच आहे. इंजिनिअर झालेली मुले-मुली आपल्याही घरांत आहेत. मंडळाने रविवारी सकाळी दोन तास सभागृह मोकळे ठेवावे, सभासदांकडून वापरात नसलेले चार संगणक मागून घ्यावेत आणि या तरुणांनी आळीपाळीने मुलांबरोबर बसावे. खर्च फारसा नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव कार्यकारिणीनेच मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. फलकांचा लढा चालू राहीलच. पण ते फलक वाचणारी मुले मराठी शाळेत टिकवण्याचे काम त्याहून निकडीचे आहे.