जाळी कोणती घ्यायची आणि झोप कुणाची घालवायची?

म्युझिक रूममधल्या इलेक्ट्रॉनिक ड्रम किटच्या स्नेअरची जाळी फाटली, ही बातमी एव्हाना मेसच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे. आता पुढे काय, यावर हॉस्टेलात तीन पक्ष पडलेत. पहिला म्हणतो, आता एक तर एक, सगळीच पॅड नवी करा आणि एकदम भारीतली जाळी आणा. दुसरा म्हणतो, जाळीबिळीची नाटकं सोडा, रबरी पॅड लावा. ऑक्टोपॅडवाले जन्मभर रबरावरच वाजवतात ना! तिसरा पक्ष फायनल इयरचा. म्युझिक रूमच्या बरोबर खाली रीडिंग हॉल आहे. त्यांचं म्हणणं, फाटली ते बरंच झालं, आता कुलूप घाला. तसा अर्जही त्यांनी रेक्टर सरांकडे दिलाय. (त्यावर बँडमधल्याच दोघांच्या सह्या आहेत, असं ऐकतो. असो.)

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. पण माझी खोली रीडिंग हॉलला लागून आहे. म्हणजे वाजवणारा मीच आणि ऐकून घेणाराही मीच. तेव्हा दोन्हीकडचा मार खाणाऱ्याचं मत म्हणून हे वाचा. माझं म्हणणं असं की स्नेअरला तीन पदरी जाळी घ्यावी, थकलेल्या टॉमला दोन पदरी, बाकीच्यांना हात लावू नये, आणि वाचलेला पैसा किटच्या खाली घालावा. हो, खाली! कसं ते सांगतो.

आधी ही जाळी म्हणजे काय ते नवीन पोरांसाठी. ढोलाला आपण पान म्हणतो, तबल्याला पुडी म्हणतो. ड्रमवाले हेड म्हणतात. वस्तू एकच, ज्यावर आपण मारतो ती. पूर्वी ड्रमलासुद्धा वासराचं कातडं असायचं. पावसाळ्यात ते ढिलं पडायचं आणि उन्हाळ्यात ताणून टणक व्हायचं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात त्याचं काय झालं असतं, कल्पना करा! मग पॉलिस्टरची फिल्म आली. रेमो बेली या ड्रमरनं १९५७ मध्ये त्याची कंपनीच काढली आणि कातडं मागं पडलं. आपल्या ढोल-ताशा पथकांतही चामड्याच्या पानाच्या जागी प्लॅस्टिकचं पान आलंच की. त्यावर रुसणारे जुने वादक आजही भेटतात.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांत आधी आलं रबर. रोलंडचं पहिलं ऑक्टापॅड १९८५ चं. आपल्याकडे त्याचं ऑक्टोपॅड झालं आणि ऑर्केस्ट्रापासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. मांडव लहान, टेम्पो लहान, आणि एका पाटीत ढोलकी, ताशा, डफ सगळं मावतं. आपल्या लोकांना आणखी काय पाहिजे! पण ड्रम सेट वाजवणाऱ्याला रबर हाताला लागतं. तास-दोन तास वाजवलं की मनगट बोलायला लागतं. १९९७ मध्ये रोलंडनं रेमोच्या मदतीनं व्ही-ड्रम्समध्ये जाळीचं पान आणलं. विणलेल्या जाळीचे दोन पदर कड्यात ताणून बसवलेले. खाली फोमचा एक शंकू, त्याच्या खाली पिझो चकती. मारलं की चकती दबते, व्होल्टेज तयार होतं, आणि आवाज मॉड्यूल काढतो. (पिझोचा शोध क्युरी बंधूंचा, १८८० चा. व्हायव्हाला विचारतात, लक्षात ठेवा.)

आता जाळीच का? साध्या ड्रमचं पान हवेला ढकलतं, म्हणून तो वाजतो. जाळीतून हवा आरपार निघून जाते, ढकलायला काही उरतच नाही. म्हणून जाळीवर मारलं तर खोलीत नुसतं फटफट ऐकू येतं. रबरावर मारलं तर टक्क! आणि तो टक्क भिंतीतून जातो. तेव्हा रबराचा प्रस्ताव आणणाऱ्या दुसऱ्या पक्षानं एवढंच करावं, रात्री साडेनऊला एक पोरगा हाय-हॅटच्या रबरी पॅडवर बसवावा आणि स्वतः बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहावं. आपल्या किटमध्ये आजही सगळ्यात कर्कश काय असेल तर ते रबरी झांजेचंच पॅड.

जाळीची चौकशी करायला मी आणि माझा रूमपार्टनर मागच्या शनिवारी बर्डीवर गेलो. लोकमान्य नगरहून मेट्रो धरली, सीताबर्डी इंटरचेंजला उतरलो आणि मेन रोडच्या गर्दीत शिरलो. तिथं पाच मिनिटं उभं राहिलं की आवाजाबद्दल फार बोलायचा धीर होत नाही, तो भाग वेगळा. वाद्यांच्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी आधी रंगच दाखवले. काळी जाळी, निळी जाळी, लाल कड्याची जाळी.

"काका, पदर किती?"

"भाऊ, पहिले मापं सांगा. माप न घेता येतेत अन् मंग वापस आणून देतेत पोरं."

माप होतं आमच्याकडे. पण कसं घ्यायचं हे पुष्कळांना माहीत नसतं म्हणून लिहितो. वरचं लोखंडी कडं, ज्यात स्क्रू असतात, ते मोजायचं नाही. ते काढून ठेवायचं आणि खालच्या डब्याचा बाहेरचा व्यास मोजायचा. आपला स्नेअर १० इंची, टॉम ८ इंची. काही किटचं पान वेगळं निघतच नाही, पॅडला चिकटलेलंच येतं. आपलं निघतं, हे नशीब.

मग काकांनी तीन पानं काउंटरवर ठेवली. एक पदरी, दोन पदरी, तीन पदरी. म्हणाले, "बोटानं नका दाबून पाहू, स्टिक सोडून पाहा." हे मला फार आवडलं. एक पदरीवर स्टिक सोडली तर ती ट्रॅम्पोलिनवरच्या पोरासारखी उड्या मारत राहिली. दोन पदरीवर जरा शहाण्यासारखी वागली. तीन पदरीवर दोन-तीनदा उडून बसली, साध्या ड्रमवर बसते जवळजवळ तशी. रूमपार्टनर म्हणाला, "मग एक पदरीच घे ना बे, उडते जास्त, मेहनत कमी!" आणि इथंच खरी मेख आहे.

फुकटचा उडीपणा हातांना आळशी करतो. आपल्या फर्स्ट इयरमध्ये यवतमाळकडचा एक पोरगा आहे, गावाकडे गणपतीत ढोल वाजवून आलेला, खांद्यापासून मारतो. दोन महिन्यांत त्यानं आपल्या ढिल्या जाळीवर असा रोल बसवला की आम्ही पाहतच राहिलो. गॅदरिंगला भाड्याचा साधा ड्रम सेट आला, आणि त्याच रोलला त्याच्या स्टिक चिखलात रुतल्यासारख्या झाल्या. पोरगा घामाघूम! वाईट तो नव्हता वाजवत. जाळी इतके दिवस त्याचं अर्धं काम करत होती आणि स्टेजवर ते काम करायला कुणी नव्हतं. किट हॉस्टेलवर शिकायला ठेवलंय ना? मग ज्या पानावर शिकायचं ते खऱ्याच्या जवळचं पाहिजे, निदान स्नेअरचं तरी. सत्तर टक्के वेळ हात तिथंच असतात (आकडा माझा, अंदाजाचा). टॉमवर अधूनमधूनच फिरणं होतं. तिथं तीन पदरी म्हणजे पाहुण्यांच्या खोलीला एसी लावण्यासारखं झालं. बर्डीवर आम्हाला जो भाव सांगितला त्यात चारही पॅडना तीन पदरी घेतलं तर जिमखान्याचा ह्या वर्षाचा म्युझिकचा पैसा तिथंच संपतो. पहिल्या पक्षाला माझा विरोध एवढ्यासाठीच.

मेकॅनिकलच्या मंडळींनी चौथा प्रस्ताव आणलाय तो असा की खिडकीला लावायची डासांची जाळी मीटरवर आणू, जुन्या कड्यात एपॉक्सीनं बसवू. जुगाड म्हणून मी सलाम करतो. एका टॉमवर करूनही पाहा. पण ती जाळी स्टिक खायला विणलेली नसते, ताण धरत नाही, आणि एकदा मध्ये खोलगट झाली की स्टिक सरळ शंकूवर आदळते. मग एका मारात दोन आवाज निघतात आणि आपण मॉड्यूलला शिव्या देतो.

जाळी बसवणं हेही काम आहे. समोरासमोरचे स्क्रू घ्यायचे, एकदा हा, मग त्याच्या समोरचा, पाव-पाव फेरा. एकाच बाजूनं आवळत गेलं तर कडं वाकडं होतं. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकून सूर लावतो तसा इथं सूर लावायचा नसतो; सूर मॉड्यूलमध्ये आहे. इथं फक्त ताण सगळीकडे सारखा पाहिजे. पदर वाढले की सेन्सरला झटका वेगळा पोहोचतो, म्हणून नवं पान घातल्यावर मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड पुन्हा लावावे लागतात. हे न करता "नवी जाळी बेकार आहे" असं कुणी बोर्डावर लिहू नये. आणि टोकाला कुसळं निघालेल्या लाकडी स्टिक आणणाऱ्याला रूममध्ये घेऊ नये. जाळी त्या कुसळांनी फाटते. नायलॉनच्या टोकाची स्टिक आणा, नाहीतर नवी.

आता तिसऱ्या पक्षाकडे येतो, कारण माझ्या मते त्यांचं म्हणणं बाकी दोघांपेक्षा वजनदार आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, आणि तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. नियम बाजूला ठेवला तरी उद्या ज्याचा गेटचा पेपर आहे त्याच्या डोक्यावर कुणी थाप मारू नये, एवढं आपल्याला कळतं.

पण त्यांना नेमका कशाचा त्रास होतो? हे कुणी तपासलंच नव्हतं. मी रविवारी दुपारी रीडिंग हॉलमध्ये जाऊन बसलो आणि वर एकाला वाजवायला लावलं. फाटक्या स्नेअरच्या जागी टॉम घेतला होता. आधी फक्त हात. वरून काहीच आलं नाही. पंख्याचा आवाज जास्त होता. मग रबरी झांजा, हलकी टिकटिक आली. मग किकचा पाय सुरू केला आणि धप्, धप्, धप्... टेबलावरच्या बाटलीतलं पाणी हललं! तिथं अभ्यास करणाऱ्या मुलीनं वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून बाहेर आलो.

म्हणजे भांडण जाळीचं नाहीच, पायाचं आहे. हवेतून येणारा आवाज जाळीनं कधीच संपवलाय. पॅडलचा धक्का मात्र फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्यांच्या टाळूत जातो. तुम्ही जगातली सगळ्यात महाग जाळी वर लावा, त्या धप् वर ढिम्म फरक पडणार नाही.

उपाय आपल्याच अभ्यासक्रमात आहे. १८ मिमी प्लायच्या दोन फळ्या, मध्ये टेनिस बॉल, बॉल घरंगळू नयेत म्हणून खालच्या फळीला त्यांच्यापेक्षा लहान भोकं. किट आणि वाजवणारा दोघंही त्यावर. व्हायब्रेशनच्या पेपरात आपण लिहितो ना, धक्क्याची वारंवारिता नैसर्गिक वारंवारितेच्या वर्गमूळ दोन पटीच्या वर गेली की मगच आयसोलेशन सुरू होतं. त्याच्या खाली उलट धक्का वाढतो. म्हणून बॉल दाबून भरायचे नाहीत, स्प्रिंग कडक होते. फार कमीही ठेवायचे नाहीत, नाहीतर वाजवणारा बोटीत बसल्यासारखा डोलेल. किती बॉल, हे वजन मोजून काढायचं. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी यावर भांडावं, खुशाल.

शनिवारच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडणार आहे. स्नेअरला १० इंची तीन पदरी एक, मधल्या टॉमला ८ इंची दोन पदरी एक, प्लाय, बॉल, आणि रात्री ९ नंतर किक बंद. फायनल इयरच्या प्रतिनिधींना विनंती की कुलूप लावायच्या आधी एक दिवस फळी टाकून खाली बसून बघा, बाटलीसकट. पाणी हललं तर अर्जावर अट्ठाविसावी की कितवी असेल ती सही माझी घ्या. प्लाय वर चढवायला मात्र चार जण लागतील. लिफ्ट बंद आहे.